इलेक्ट्रिक गाडीला बाहेरून रिम घ्यायचे तर साईझ कोणता? १६, १७, १८ की १९?

उजळवाट

नमस्कार मंडळी,

गाडी इलेक्ट्रिक, एसयूव्ही धाटणीची, पुढच्या चाकांवर चालणारी. रिकामं वजन १,७५० किलो. कंपनीचे अलॉय १७ इंची आहेत, टायर २१५/६० आर १७ ९६ एच. रिम ७ जे (म्हणजे ७ इंच रुंद), ईटी ४५ (ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून गाडीला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर, मिमीमध्ये), पीसीडी ५ × ११४.३ (पाच बोल्ट, ११४.३ मिमी व्यासाच्या वर्तुळावर). टायरांची नक्षी संपत आली आहे, म्हणजे टायर बदलणं आलंच. त्याच निमित्ताने रिमही बदलावेत असं मनात आहे.

दुकानदाराने १८ इंची सुचवलेत, ८ जे, ईटी ३५, त्यावर २२५/५० आर १८. मला स्वतःला १९ इंची फार आवडलेत, २३५/४५ आर १९. आणि ऑफिसातला एक मित्र म्हणतो की मोठं करण्याऐवजी १६ वर ये, रेंज वाढेल. तिघांचे तीन सूर.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी रोज डोळ्यांसमोर असते, ती छान दिसावी असं मला मनापासून वाटतं. पण लांबच्या प्रवासात चार्जिंगसाठी एक थांबा वाढणार असेल तर तो सौदा नको. रेंजमध्ये पाच टक्क्यांपर्यंत घट चालेल, त्यापुढे नाही. या हिशोबात काय बसतं? ज्यांनी बदलून पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

टॉर्कवेडा

१९. डोळे मिटून १९. चाकाची कमान भरलेली दिसते, गाडीला उभं राहण्याचा एक रुबाब येतो. वळणावर टायर लचकत नाही, स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते.

सावकाश_जा

आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा नावानिशी ओळखायला लागाल. :)

चक्रधर

उजळवाट, रिमचे इंच नंतर. आधी टायरसकट चाकाचा बाहेरचा व्यास बघा, कारण गाडीच्या स्पीडोमीटरला, एबीएसला आणि ट्रॅक्शन कंट्रोलला तेवढाच कळतो.

हिशोब सोपा आहे. रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात टायरच्या भिंतीची उंची दोनदा मिळवायची. तुमचा मूळचा: १७ × २५.४ = ४३१.८. भिंत म्हणजे २१५ चे ६० टक्के, १२९. दोनदा २५८. एकूण ६८९.८ मिमी.

आता तुमचे पर्याय. २२५/५० आर १८ चा व्यास ६८२.२, म्हणजे मूळच्यापेक्षा १.१ टक्क्याने लहान. २३५/४५ आर १९ चा ६९४.१, म्हणजे ०.६ टक्क्याने मोठा. व्यासाच्या दृष्टीने दोन्ही चालतील. पण दुकानदाराने २१५/५५ आर १८ का सुचवला नाही, हे मला कळलं नाही. त्याचा व्यास ६९३.७ येतो, रुंदी मूळचीच राहते, आणि भिंत ११८ मिमी मिळते. २२५/५० मध्ये ती ११२ आणि १९ इंचीत जेमतेम १०६ होते.

लहान व्यासापेक्षा किंचित मोठ्याबाबत जास्त जागरूक राहा. चाक मोठं झालं की खरा वेग काट्यापेक्षा वाढतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला ३९ क्रमांकाचा नियम असा की स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये. कंपन्या काटा मुळातच थोडा पुढे ठेवतात, त्यामुळे अर्धा-पाऊण टक्का त्यात सामावतो. तीन टक्के नाही सामावत.

निळी_मोटार

मी १७ वरून १९ वर गेले, तेव्हा अनुभव लिहिते. दिसायला गाडी खरंच देखणी झाली, त्याबद्दल टॉर्कवेडा यांच्याशी सहमत. बाकी दोन गोष्टी मात्र बदलल्या.

एक, आवाज. पेट्रोल गाडीत इंजिनच्या घरघरीत टायरचा आवाज झाकला जातो. इलेक्ट्रिकमध्ये झाकणारं काहीच नाही. खडबडीत काँक्रीटवर ऐंशीच्या पुढे गेलं की केबिनभर घुमल्यासारखा आवाज येतो, मागे बसलेल्यांशी बोलायला आवाज चढवावा लागतो. गुळगुळीत डांबरावर काही त्रास नाही.

दुसरी, रेंज. शहरात फरक जाणवलाच नाही. हायवेवर मात्र स्पष्ट जाणवला. पण माझे नवे टायर रुंद आहेत आणि जास्त पकड देणाऱ्या प्रकारातले आहेत, म्हणून सगळा दोष इंचांना देता येणार नाही.

टॉर्कवेडा

निळी_मोटार, मला तरी वाटतं सगळा दोष टायरचाच. मोठं रिम हलकं घेतलं तर रेंज का कमी होईल?

गणितप्रेमी

इथेच खरी गंमत आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

टेस्लाची २०२४ ची मॉडेल ३ लाँग रेंज ऑल व्हील ड्राइव्ह घ्या. अमेरिकेतल्या ईपीए (सरकारी पर्यावरण संस्था) चाचणीनुसार १८ इंची चाकांवर रेंज ३४१ मैल, १९ इंचीवर ३०५. किलोमीटरमध्ये साधारण ५४९ आणि ४९१. दहा टक्क्यांहून जास्त फरक. आणि आता टायर बघा: २३५/४५ आर १८ आणि २३५/४० आर १९. रुंदी तीच, व्यास जवळपास तोच. बॅटरी तीच, मोटर त्याच. बदललं काय? रिमचा चेहरा आणि टायरचं रबर.

आधी रबर. युरोपात टायरवर जे लेबल असतं त्यात रोलिंग रेझिस्टन्सची (टायर फिरताना होणाऱ्या रोधाची) ए ते ई अशी प्रतवारी आहे, ए सर्वांत चांगली. कारच्या टायरमध्ये ए म्हणजे टनामागे ६.५ किलोपर्यंत रोध, सी म्हणजे ७.८ ते ९. उजळवाट यांची गाडी माणसांसकट १.८ टन धरू. एकीकडे ६.५ चा टायर, दुसरीकडे ९ चा. फरक टनामागे २.५ किलो, गाडीमागे ४.५ किलो, म्हणजे ४४ न्यूटन. एक किलोमीटर चालायला ४४ किलोज्यूल जादा, म्हणजेच १२ वॅट-तास. मोटर आणि इन्व्हर्टरमधली गळती धरली की १३-१४. गाडी किलोमीटरला १६० वॅट-तास खात असेल तर आठ-नऊ टक्के गेले, आणि रिमला अजून हातही लावलेला नाही.

दुसरा भाग हवेचा. गाडीच्या एकूण हवारोधापैकी साधारण पाव हिस्सा चाकं आणि चाकांच्या कमानींचा असतो. उघड्या आऱ्यांचं रिम फिरताना पंख्यासारखी हवा ढवळतं. कंपन्या इलेक्ट्रिक गाड्यांना ती सपाट, जवळजवळ बंद तोंडाची चाकं देतात ती त्यासाठीच. हवेमुळे लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणून निळी_मोटार यांना शहरात काही कळलं नाही आणि हायवेवर कळलं.

तेव्हा उजळवाट, तुमचे पाच टक्के इंचांमध्ये शोधू नका. टायरचं लेबल आणि रिमचं तोंड, यांत ते सापडतील.

वाचनमात्र

प्रतिसाद जपून ठेवला आहे. _/\_

बॅटरीवाला

गणितप्रेमींशी सहमत. वजनाच्या मुद्द्यावर थोडी भर घालतो, कारण टॉर्कवेडा यांनी 'हलकं रिम' म्हटलंय.

पेट्रोल गाडीत चाक जड झालं की दर वेळी ते फिरवायला लागलेली ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. इलेक्ट्रिकमध्ये वेग कमी करताना मोटर त्यातला बराच भाग बॅटरीत परत भरते. त्यामुळे निव्वळ रेंजसाठी रिमचं वजन आपल्याला तितकं नडत नाही. एकसारख्या वेगाने हायवेवर चालताना तर त्याचा परिणाम नगण्य.

वजन नडतं ते सस्पेन्शनला. चाक, टायर, ब्रेक हे सगळं स्प्रिंगच्या खालचं वजन. ते वाढलं की खड्ड्यातून चाक वर उडतं आणि खाली यायला वेळ लावतं, धक्का आत येतो. म्हणून हलकं रिम घ्याच, पण आरामासाठी आणि पकडीसाठी घ्या.

टॉर्कवेडा

मान्य. पण मग फोर्ज्ड (दाबून घडवलेलं, हलकं) १९ घेतलं, बंद तोंडाचं, आणि ए लेबलचा टायर लावला तर? माझा मुद्दा अजून उभाच आहे.

गणितप्रेमी

उभा आहेच. बीएमडब्ल्यू आय३ कंपनीतूनच १९ इंची चाकांवर यायची, टायर १५५/७० आर १९. उंच आणि अरुंद. हवेला समोरून कमी अडथळा, मोठ्या व्यासामुळे रोध कमी. पण तसे टायर इतर गाड्यांसाठी मिळत नाहीत. बाजारात १९ इंची म्हटलं की २३५ च्या आसपासची रुंदी आणि बुटकी भिंत, आणि त्यातले बहुतेक टायर पकडीला प्राधान्य देणारे. शोधलंत तर चांगल्या लेबलचे मिळतील, फक्त निवड अगदी थोडी.

रानवारा

रेंजवर एवढी चर्चा झाली, पण ज्या गोष्टीने माणसं संकटात सापडू शकतात ती अजून कुणीच काढली नाही. भार.

आमच्या गाडीसाठी रिम बघत होतो. दुकानात पीसीडी जुळला, बोअर (रिमचं मधलं भोक) जुळला, रंग पसंत पडला. सुदैवाने मला सवय आहे, रिम पालथं करून पाहिलं. आऱ्याच्या मागच्या बाजूला, बोल्टच्या भोकाजवळ, ओतीव आकडे असतात: रुंदी, ईटी, आणि त्याखाली बारीक अक्षरांत कमाल भार. तिथे ५६० किलो होता. आमच्या गाडीच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीत मागच्या ॲक्सलचा कमाल भार १,२६० किलो लिहिलेला. म्हणजे एका चाकावर ६३०. ते रिम लहान पेट्रोल हॅचबॅकसाठी बनवलेलं, भोकं जुळतात म्हणून आमच्या गाडीला लावायला निघाले होते. दुकानदाराचं म्हणणं, "आजवर कुणी तक्रार केली नाही." आम्ही उठून आलो.

इलेक्ट्रिक गाडी तितक्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा सहज काही शे किलो जड असते. बसेल ते रिम झेपेलच असं नाही. उजळवाट, तुमच्या गाडीची पट्टी वाचा, ॲक्सलचा आकडा निम्मा करा, आणि रिमवरचा आकडा त्याच्या वरच असू द्या. रिमवर आकडाच नसेल तर ते रिम घेऊ नका.

टायरचंही तेच. तुमचा मूळचा लोड इंडेक्स ९६ आहे, म्हणजे ७१० किलो. २१५/५५ आर १८ आणि २३५/४५ आर १९ दोन्ही साध्या प्रकारात ९५ मध्ये येतात, ६९० किलो. एक्सएल (जास्त भार उचलणाऱ्या) प्रकारात ९९ मिळतो, ७७५ किलो. मूळच्या आकड्याखाली उतरू नका.

चक्रधर

रानवारा ताई, धाग्यातला सर्वांत मोलाचा प्रतिसाद.

सावकाश_जा

+१. दाराच्या खांबावरची पट्टी मी आत्ता खाली जाऊन वाचून आलो. शेजाऱ्यांना वाटलं गाडी विकायला काढली.

जुनाजाणता

ऑफसेटबद्दल बोलायला हवं. दुकानदाराने ८ जे, ईटी ३५ सुचवलंय ना, ते आकडे मांडून बघा.

मूळचं ७ जे म्हणजे १७७.८ मिमी, त्याचं निम्मं ८८.९. त्यातून ईटी ४५ वजा केला की हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) तोंडापासून रिमची बाहेरची कड ४३.९ मिमी बाहेर. ८ जे म्हणजे २०३.२, निम्मं १०१.६, वजा ३५, कड ६६.६ मिमी बाहेर. चाक जवळजवळ २३ मिमी बाहेर आलं. आतल्या बाजूला फक्त पावणेतीन मिमीचा फरक. मडगार्डला घासेल का हा पहिला प्रश्न, चार माणसं आणि सामान घेऊन गतिरोधकावरून गेल्यावर त्याचं उत्तर मिळतं.

दुसरा प्रश्न त्याहून मोठा. चाक बाहेर गेलं की स्टिअरिंगची फिरण्याची अक्षरेषा आणि टायर जमिनीला टेकतो तो मध्य यांतलं अंतर बदलतं. पुढच्या चाकांवर मोटर असलेल्या इलेक्ट्रिक गाडीत टॉर्क पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो. अशा गाडीत हे अंतर वाढलं तर पेडल दाबताच स्टिअरिंग हाताला ओढ देतं. बेअरिंगवरचा ताण वाढतो तो वेगळाच.

७.५ जे, ईटी ४५ घेतलंत तर दोन्ही बाजूंना फक्त सव्वासहा मिमी. २१५/५५ चा टायर ६ ते ७.५ जे रुंदीच्या रिमवर चालतो, त्यामुळे तेही बसतं. ७ जे ईटी ४५ मिळालं तर त्याहून उत्तम, काहीच बदलत नाही.

आणि हब बोअर. बाहेरच्या रिमचं मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे एकच रिम बऱ्याच गाड्यांना चालतं. मधली फट भरायला कडी येते, ती तुमच्या हबच्या अचूक मापाची हवी. कडी नसेल तर चाक फक्त नटांवर मध्यभागी धरलं जातं आणि नव्वद-शंभरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. लोक मग बॅलन्सिंग करत बसतात. टेस्ला मॉडेल ३ आणि ह्युंदाई आयॉनिक ५ दोघींचा पीसीडी ५ × ११४.३ च, पण बोअर एकीचा ६४.१, दुसरीचा ६७.१.

नटाची बैठकही तपासा. शंकूच्या आकाराची बैठक असेल तर शंकूचेच नट, गोल असेल तर गोल. मूळचे नट नव्या रिमला चालतीलच असं धरून चालू नका.

धुरळा

सगळे मोठ्याकडे निघालेत, मी उलट दिशेचा. माझ्याकडेही २१५/६० आर १७ होते. १६ इंची घेतले, २०५/६५ आर १६. गाडी मऊ झाली, आवाज कमी झाला, आणि स्क्रीनवरचा सरासरी खप सहा टक्क्यांनी उतरला. उजळवाट यांच्या मित्राचं मत बरोबर आहे.

गणितप्रेमी

धुरळा, १६ चा आराम शंभर टक्के खरा. पण त्या सहा टक्क्यांमधून थोडे वजा करावे लागतील.

२०५/६५ आर १६ चा व्यास ६७२.९ मिमी, मूळच्यापेक्षा २.४५ टक्क्यांनी लहान. चाक लहान, म्हणून तेवढ्याच अंतरात जास्त फेऱ्या. गाडी फेऱ्या मोजते. खरे १०० किलोमीटर चाललात की ओडोमीटर १०२.५ दाखवतो. खप किलोमीटरमागे काढला जात असल्याने तोही अडीच टक्क्यांनी कमी दिसतो, बॅटरीतून वीज तेवढीच गेलेली असते. मोठ्या व्यासाचे टायर लावणाऱ्यांचं याच्या उलट होतं, त्यांचा खप आहे त्यापेक्षा जास्त दिसतो.

धुरळा

हे पटलं. जीपीएसवर अंतर ताडून बघतो.

धुरळा

बघितलं. हायवेवर जीपीएस आणि ओडोमीटरमध्ये तेवढाच फरक आहे, अडीचच्या आसपास. म्हणजे खरा फायदा साडेतीन टक्के. तरीही मी खूश आहे, खड्ड्यात आता पोटात धस्स होत नाही.

बॅटरीवाला

साडेतीन टक्केही भरपूर झाले. तुलना करताना आणखी एक लक्षात ठेवा: झिजलेल्या टायरचा रोलिंग रेझिस्टन्स नव्यापेक्षा कमी असतो, कारण दर फेरीला दबून परत फुलणारं रबरच कमी उरलेलं असतं. नवे टायर टाकल्यावर पहिल्या काही दिवसांत रेंज घटलेली दिसते, ती रिममुळे घटली असं समजून लोक रिम विकायला काढतात. त्यात थंडीचे दिवस आले की हवा दाट होते, टायरमधला दाब उतरतो, आणि सगळं खापर त्या बिचाऱ्या रिमवर.

१६ बाबत एक अडचण आहे. ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा भाग). बऱ्याच गाड्यांना १६ इंची रिम आतून कॅलिपरला टेकतं. धुरळा यांच्या गाडीला बसलं, तुमच्या गाडीला बसेलच असं नाही. त्याच मॉडेलची लहान व्हर्जन कंपनी १६ वर विकत असेल आणि ब्रेक दोन्हींत सारखेच असतील, तरच निश्चिंत राहा. आणि १६ घ्यायचेच असतील तर २१५/६५ आर १६ बघा, व्यास ६८५.९, मूळच्या जवळ, लोड इंडेक्स ९८.

निळी_मोटार

थोडं अवांतर, पण आवाजावरून आठवलं. काही टायरच्या आत फोमचा पट्टा चिकटवलेला मिळतो. टायरच्या पोकळीत हवा दणदणते तो आवाज त्याने कमी होतो, खडबडीत रस्त्यावरची घरघर त्यानेही कमी होते पण पूर्ण जात नाही. पुढच्या वेळी मी तेच घेणार आहे. पंक्चर काढताना तेवढ्या जागेवरचा फोम कापून काढावा लागतो, हे पंक्चरवाल्याला आधी सांगा. आणि सीलंटचा डबा फोमच्या टायरमध्ये ओतला तर सगळा राडा होतो.

टॉर्कवेडा

सीलंटवरून मुद्दा आला. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनीच नसते, फक्त सीलंट आणि छोटा कंप्रेसर. बुटक्या भिंतीच्या टायरला खड्ड्याने कडेला चीर गेली तर सीलंट काही कामाचं नाही. १९ च्या विरोधातला हा मुद्दा मी स्वतःच मांडतो, कारण तो खराच आहे. मी गाडीत १७ चं मूळ चाक स्टेपनी म्हणून घेऊन फिरतो, व्यास जवळजवळ सारखा असल्याने हळू चालवत घरी येता येतं.

सावकाश_जा

टॉर्कवेडा १९ च्या विरोधात बोलले! या धाग्याला विशेष पान द्या.

रानवारा

:) टॉर्कवेडा, पण ते चाक बदलताना जॅक कुठे लावता? हे नव्या इलेक्ट्रिकवाल्यांसाठी विचारतेय. गाडीच्या पोटाखाली पूर्ण बॅटरी पसरलेली असते. जॅक फक्त मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या चार जागांवरच. टायरच्या दुकानात मोठा ट्रॉली जॅक सरकवून अंदाजाने उचलायची सवय असते, तिथे उभं राहून दाखवा. काही गाड्यांना त्या जागी रबराची गोल ठोकळी बसवावी लागते, ती घरून घेऊन जा.

टॉर्कवेडा

ठोकळी डिकीत असते, ताई. अगदी बरोबर मुद्दा.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितोय. टायरमधल्या हवेच्या दाबाचं सेन्सर नव्या रिममध्ये टाकावं लागतं का? की जुनंच चालतं?

जुनाजाणता

स्वागत! गाडीवर अवलंबून आहे. काही गाड्यांत व्हॉल्व्हच्या मागे खरोखरचं सेन्सर असतं, ते काढून नव्या रिममध्ये बसवता येतं, फक्त नव्या रिमला त्या व्हॉल्व्हची बैठक नीट जमायला हवी आणि रबरी सील नवं टाकायचं. काही गाड्यांत सेन्सरच नसतं, एबीएसवरून चाकाच्या फेऱ्यांची तुलना करून हवा कमी झाल्याचा अंदाज बांधला जातो. तिथे टायर बदलल्यावर मेन्यूतून रीसेट करणं पुरतं. टेस्लामध्ये चाकाचा प्रकार निवडायची सोय आहे, तो निवडला की उरलेल्या रेंजचा अंदाजही सुधारतो. इतर गाड्यांत ती सोय नसेल तर गाडी हळूहळू तुमच्या खपावरून शिकते.

चक्रधर

उजळवाट कुठे आहेत? धागा काढून गायब?

उजळवाट

इथेच आहे, सगळं वाचतोय आणि मधल्या काळात कामाला लागलो होतो. सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी दुकानात सांगितलं नव्हतं.

पट्टी वाचली. मागच्या ॲक्सलचा भार १,२४० किलो, म्हणजे चाकामागे ६२०. दुकानातल्या ८ जे ईटी ३५ रिमवर मागून ६०० लिहिलंय. तो पर्याय तिथेच संपला. १९ इंचीवर ६९० होता, म्हणजे झेपला असता, पण त्या मापात चांगल्या लेबलचा टायर मला एकच सापडला आणि तो मिळायला वेळ लागणार. शिवाय घरी आई-बाबा मागे बसतात, त्यांची पाठ विचारात घ्यावी लागते. १६ कॅलिपरला टेकतं, पुठ्ठ्याचा साचा कापून मोजून पाहिलं, तीन मिमीही जागा उरत नाही.

आता १८ इंची, ७.५ जे, ईटी ४५ मिळतंय. भार ७२५ किलो. तोंड बरंचसं बंद आहे, पाच रुंद पाती आणि मधे अरुंद फटी, दिसायलाही मला फार आवडलं. टायर २१५/५५ आर १८ ९९ व्ही एक्सएल, रोलिंग रेझिस्टन्स बी. हबची कडी आणि शंकूचे नट सोबत देतोय म्हणाला.

आता फक्त हवेच्या दाबाचं विचारायचं राहिलं. दारावर ३६ पीएसआय लिहिलंय. एक्सएलमध्येही ३६ च ठेवायचं का?

गणितप्रेमी

मूळचा ९६ साधा टायर त्याचे ७१० किलो ३६ पीएसआयला उचलतो. एक्सएल त्याचे ७७५ किलो ४२ ला उचलतो. ३६ वर ठेवला तर त्याची क्षमता सुमारे ६९० वर येते, म्हणजे मूळच्यापेक्षा कमी. ३८ ला ती ७१० च्या बरोबरीला येते. तेव्हा थंड टायरमध्ये ३८ ठेवा, पूर्ण भरून लांब जायचं असेल आणि दारावर त्यासाठी वेगळा आकडा असेल तर त्यातही तेच दोन मिळवा. टायर कंपनीकडे भार आणि दाबाचा तक्ता असतो, मागून घेऊन ताडून बघा.

टॉर्कवेडा

१९ नाही घेतलं याचं वाईट वाटलं, पण पाच रुंद पातीचं बंद तोंड म्हणजे निवड झकास. फोटो टाका!

उजळवाट

बसवले की नक्की टाकतो. शनिवारी जातोय.

जुनाजाणता

शनिवारी जाताना टॉर्क रेंच (नट ठराविक जोरानेच आवळणारा पाना) आहे का ते दुकानात आधी विचारा. हवेच्या गनने नुसते आवळले तर एक नट सैल, एक ताणलेला असं होतं. गनने हलकेच टेकवून, गाडी खाली घेऊन, एका आड एक असे ताऱ्याच्या आकाराने मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळायचे. आकडा गाडीप्रमाणे बदलतो, टेस्ला मॉडेल ३ ला १७५ न्यूटन मीटर आहे तर इतर कितीतरी गाड्यांना बराच कमी, म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा आकडा वापरू नका. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासून घ्या, नव्या रिमची बैठक पहिल्या काही किलोमीटरांत बसते. आणि पहिल्याच दिवशी चार माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून, आतल्या बाजूने टायर कुठे घासल्याची खूण दिसते का ते टॉर्च लावून बघा.